खिशात तीन खजूर

इफ्तारच्या आधीचा अर्धा तास आमच्या मिरजेत कसा असतो, हे रोजा न धरणाऱ्यांनाही चांगलं ठाऊक आहे. फळांच्या गाड्यांभोवती गर्दी, कलिंगडाच्या फोडी, कढईतून निघणारी भजी, बर्फाच्या लादीवरचा लाकडाचा भुसा. आणि या सगळ्यातून वाट काढत, हॉर्न दाबून धरत, घराकडे निघालेल्या मोटारसायकली. सांगलीहून दुकानं बंद करून येणारे, कुपवाडच्या एमआयडीसीतून सुटलेले, कॉलेजातून परतणारे. प्रत्येकाचा एक डोळा रस्त्यावर, दुसरा मनगटावरच्या घड्याळावर. अजानच्या आत दस्तरखानावर बसायचंय.

माझे एक शेजारी आहेत, वयाने मोठे, रोज संध्याकाळी फिरायला जाणारे. रमजानच्या महिन्यात ते या वेळी बाहेर पडत नाहीत. "तुमच्या पोरांचा रोजा सुटू दे, मग मी निघतो," असं ते हसत म्हणतात. मीही हसतो. पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

२०१४ सालची गोष्ट. त्या वर्षी रमजान जुलैत आला होता. चांद्र वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, म्हणून रमजान कधी पावसात, कधी थंडीत, कधी उन्हात येतो. त्या जुलैत पाऊस लागून राहिला होता आणि इफ्तार सातच्या पुढे होती. आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा, वय बावीस, सरबतासाठी बर्फ आणायला निघाला. घरात पाहुणे होते. अजानला दहा-बारा मिनिटं उरली असतील. बर्फाचं दुकान दीड किलोमीटरवर. दीड किलोमीटरसाठी कोण हेल्मेट घालतं?

बर्फ घेऊन तो परत फिरला होता. ओला रस्ता, समोर अचानक थांबलेली रिक्षा, ब्रेक, आणि मग दुभाजकाचा दगड. मी तिथे पोचलो तेव्हा पिशवी फाटून बर्फाचे तुकडे रस्त्यावर पसरले होते आणि पावसाच्या पाण्यात विरघळत होते. भोवती तीस-चाळीस माणसं. कुणी त्याला उचलायला तयार नव्हतं. "पोलीस येऊ द्या," "नंतर साक्षीला कोण जाणार," असं पुटपुटणं चाललं होतं. तेवढ्यात अजान झाली. तेव्हा एकाने, अगदी चांगल्या मनाने, रोजा सुटावा म्हणून त्याच्या तोंडाला पाण्याचा ग्लास लावला. मुलगा शुद्धीवर नव्हता. शेवटी एका रिक्षावाल्याने त्याला आत घेतलं. दवाखाना तिथून पाच मिनिटांवर होता. मिरज ही दवाखान्यांचीच पेठ, कर्नाटकातून माणसं इथे उपचाराला येतात. तिथे तो मुलगा वीसेक मिनिटं रस्त्यावर पडून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

नंतर एका डॉक्टर मित्राने मला सांगितलं की बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. जखमीला पाणी पाजायचं हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की ते चूक असेल अशी शंकाही येत नाही. तो ग्लास माझ्या हातात असता, तर मीही तेच केलं असतं.

त्या मुलाच्या जनाजाला खूप माणसं होती. "अल्लाहची मर्जी," असं सगळे म्हणत होते, मीही म्हणालो. घरी आल्यावर मात्र ते शब्द मला टोचू लागले. मर्जी त्याचीच, यात मला शंका नाही. पण हेल्मेट घरच्या खुंटीला टांगलेलं राहिलं, हेही त्याच्याच नावावर टाकून आपण मोकळं व्हायचं का? तिर्मिजीच्या हदीस संग्रहात एक प्रसंग आहे, मौलवीसाहेब तो अनेकदा सांगतात. एकाने पैगंबर मुहम्मद (स.) यांना विचारलं की मी माझा उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू, की बांधून ठेवू? त्यांनी त्याला आधी उंट बांधायला सांगितलं, भरवसा त्यानंतरचा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवताना मला आताशा तो उंट आठवतो. पट्टा न अडकवलेलं हेल्मेट म्हणजे दोरी नुसतीच गळ्यात असलेला उंट.

आता घाईविषयी. इफ्तारला उशीर करू नये, ही सुन्नत आहे. पण तिचा अर्थ आपण उलटा लावला. सूर्य मावळल्यावर उगाच ताटकळत बसू नका, एवढंच त्यात आहे. ठरलेल्या दस्तरखानापर्यंत ठरलेल्या मिनिटाला पोचा, असं त्यात कुठेही नाही. जिथे असाल तिथे एका खजुराने, तेही नसेल तर पाण्याच्या घोटाने रोजा सुटतो. पैगंबरसाहेबांची रीतही हीच होती. आणि अजाननंतर दहा मिनिटांनी रोजा सोडला म्हणून तो रोजा वाया जात नाही. मग धडपड कशासाठी? खरं सांगायचं तर ती धडपड रोज्यासाठी नसते. ती गरम भज्यांसाठी, घरच्यांच्या घोळक्यासाठी असते. त्यात वाईट काही नाही. दिवाळीच्या संध्याकाळी लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताला पोचणाऱ्याची, गणपती आणायला निघालेल्याची घाईही याच जातीची असते. ती धर्माच्या खात्यावर मांडू नये, इतकंच.

या घाईने हाती काय लागतं, याचा एकदा हिशेब करून पाहिला. सांगली ते मिरज साधारण दहा किलोमीटर. ताशी ४० च्या वेगाने पंधरा मिनिटं, ६० च्या वेगाने दहा. म्हणजे फायदा पाच मिनिटांचा, तोही कागदावर. विश्रामबागचे सिग्नल त्यातली दोन-तीन मिनिटं परत घेतात. आणि त्याबदल्यात आपण देतो काय? समोर कुणी आडवं आलं तर ते डोळ्यांनी टिपून हात ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो असं धरा. ६० च्या वेगाला त्या एका सेकंदात गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते. ४० च्या वेगाने येणारा ब्रेक लावून साधारण वीस मीटरमध्ये थांबतो. तो जिथे थांबलेला असतो, तिथे साठवाल्याचा ब्रेक नुकता कुठे लागायला सुरुवात झालेली असते. समोर शाळकरी पोर असेल, तर एकाच्या बाबतीत ते दचकून पळतं, आणि दुसऱ्याच्या बाबतीत काय होतं ते लिहायला नको.

हा एक सेकंदही ताज्यातवान्या माणसाचा. सहेरीला पहाटे साडेचारला उठलेला, तरावीह पढून रात्री अकराला झोपलेला, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, चहा नाही म्हणून डोकं ठणकणारा माणूस संध्याकाळी साडेसहाला गाडी चालवतो तेव्हा त्याचा सेकंद थोडा लांबलेला असतो. हे कबूल करण्यात रोज्याचा अपमान नाही. लांबच्या प्रवासात असलेल्याला रोजा सोडून तो नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनाने दिली आहे. ट्रकवाले, एसटीचे ड्रायव्हर यांनी ती घेतली तर त्यांच्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहू नये. माझे एक नातलग पंचवीस वर्षं ट्रकवर होते. ते म्हणायचे, "माझ्या रोज्याची कजा करता येते, दुसऱ्याच्या जिवाची नाही."

त्यात ही वेळच वाईट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशातल्या अपघातांचा अहवाल काढतं. त्यात वर्षानुवर्षं एक गोष्ट बदलत नाही, सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत होतात. २०२२ च्या आकड्यांनुसार देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. दिवसाला साडेचारशेच्या वर. आपल्या महाराष्ट्रातली त्यात १५,२२४, म्हणजे रोज बेचाळीसच्या आसपास. यातले जवळजवळ दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातले, घर चालवणारे किंवा चालवू लागलेले. हेल्मेट नसलेले दुचाकीवरचे मृत्यू ५०,०२९, आणि त्यातले चौदा हजारांवर मागे बसलेले होते. मागे कोण बसतं? बायको, आई, बहीण. पुरुषाच्या डोक्यावर पोलिसाच्या भीतीने का होईना हेल्मेट असतं, मागच्या बाईच्या डोक्यावर फक्त ओढणी किंवा पदर. त्या ओढणीचा, बुरख्याच्या घोळाचा, साडीच्या पदराचा मागच्या चाकात अडकून काय अनर्थ होतो, हे कुठल्याही अपघात विभागातल्या नर्सला विचारा. चाकावर जाळी बसवायला फार खर्च येत नाही.

हेल्मेटमुळे अपघातात जीव जाण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित तपासणीत दिसलं आहे. आमच्याकडची सबब मात्र ठरलेली, "टोपी चुरगळते." अहो, टोपी खिशात बसते!

आमच्या सांगली-मिरज भागात, तसंच कोल्हापूर, कऱ्हाड, इस्लामपूरकडे या दिवसांत आणखी एक भर पडते. यंदाचा रमजान साखर कारखान्यांच्या हंगामात आला. मगरिबच्या वेळी, उजेड धड गेलेला नाही आणि अंधार धड आलेला नाही अशा वेळी, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर रस्त्याने चाललेला असतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या पाल्याने झाकलेला, आणि मोळ्या मागे हात-दीड हात बाहेर आलेल्या. कधी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेलाच उभी, भोवती चार दगड लावलेले. चाक बदलून ट्रॅक्टर निघून जातो, दगड तिथेच राहतात. पाठीमागून साठच्या वेगाने येणाऱ्या, अजानकडे कान लावलेल्या माणसाला ते दगड दिसणार कसे?

रस्त्यातला त्रासदायक अडथळा, काटा किंवा दगड बाजूला करणं हा ईमानाचाच एक भाग आहे, असं हदीसमध्ये आलंय. प्रत्येक जुम्म्याला कुठे ना कुठे हे सांगितलं जातं. आपण मान डोलावतो आणि बाहेर आल्यावर मशिदीसमोर गाडी अशी लावतो की रुग्णवाहिकेलाही वळण मिळू नये. तरावीहच्या वेळी तर अर्धा रस्ता आमच्याच गाड्यांनी भरतो. सदका म्हणजे फक्त पैसे, असं आपण धरून चाललोय. ट्रॉलीमागचे चार दगड उचलून कडेला टाकणं हा सदका आहे. उसाच्या ट्रॉलीला शंभर रुपयांची लाल-पांढरी चमकणारी पट्टी चिकटवून देणं हाही सदकाच. आमच्या काही मुलांनी गेल्या आठवड्यात नाक्यावर उभं राहून वीसेक ट्रॉल्यांना अशा पट्ट्या लावल्या. बीडकडून आलेले ते ट्रॅक्टरवाले आधी घाबरले, त्यांना वाटलं वर्गणी मागायला आलेत.

याहून गंभीर एक बाब आहे, ती रमजानमध्ये सहसा कुणी बोलत नाही. चुकून, हेतू नसताना, आपल्या हातून कुणाचा जीव गेला तर काय, याचा विचार कुरआनात सूरह निसामध्ये केलेला आहे. मृताच्या वारसांना भरपाई, ज्याला दियत म्हणतात, आणि त्याशिवाय प्रायश्चित्त म्हणून एका गुलामाची मुक्तता. ते शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे. आज गुलाम नाहीत, म्हणजे उरले ते सलग साठ रोजे. मध्ये खंड पडायला नको. एका रोज्याच्या इफ्तारला पाच मिनिटं लवकर पोचण्यासाठी माणूस किती मोठी जोखीम अंगावर घेतो पाहा. आणि हे 'चुकून'च्या बाबतीत. सिग्नल तोडणं, उलट्या बाजूने गाडी घालणं याला चूक तरी कसं म्हणायचं? १९९३ साली ब्रुनेईत भरलेल्या बैठकीत मुस्लिम राष्ट्रांच्या संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने वाहतूक अपघातांवर ठराव केला. वाहतुकीचे नियम लोकांच्या हितासाठी आहेत, ते पाळणं शरियतच्या दृष्टीनेही आवश्यक आहे आणि गाडीने झालेल्या नुकसानीची जबाबदारी चालवणाऱ्यावर आहे, असा त्याचा आशय. सिग्नल हा फक्त पोलिसाचा विषय आहे असं समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

दुबई, शारजाला असलेल्या आपल्या माणसांनी एक वेगळी गोष्ट पाहिली आहे. रत्नागिरी-रायगडची किती तरी मुस्लिम घरं तिथल्या पगारावर उभी आहेत, त्यांच्याकडून मी ती ऐकली. मगरिबच्या आधी तिथे सिग्नलवर स्वयंसेवक उभे असतात, लाल दिवा लागला की गाड्यांच्या खिडक्यांतून खजूर आणि पाण्याची पाकिटं देतात. 'रमजान अमान' नावाची मोहीमच आहे तशी. उद्देश दानाचा आहेच, पण मुख्य म्हणजे माणसाने घराकडे गाडी पळवू नये. आपल्याकडे बायपासच्या चौकात असं करायला काय हरकत आहे? करताना फक्त गाड्यांच्या मध्ये मंडप टाकू नये.

२०१४ नंतर एक बदल मात्र झाला आहे, आणि तो पुरेसा लोकांपर्यंत पोचलेला नाही. २००७ मध्ये दिल्लीत एका शाळकरी मुलाचा अपघातानंतर रस्त्यावर मदतीविना मृत्यू झाला. त्याचे चुलतभाऊ पीयूष तिवारी यांनी 'सेव्हलाइफ फाउंडेशन' स्थापून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ३० मार्च २०१६ ला न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच कलम १३४-अ आलं. म्हणजे आता काय? जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला तिथे अडकवून ठेवता येत नाही, त्याच्याकडे पैसे मागता येत नाहीत, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, आणि साक्षीदार व्हायचं की नाही ते तोच ठरवतो. गंभीर जखमीला पहिल्या तासाच्या आत पोचवणाऱ्याला सरकार बक्षीसही देतं, २०२१ मध्ये ते पाच हजार होतं, २०२५ मध्ये पंचवीस हजार झालं. जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाखांचा विनारोख उपचार करण्याची योजनाही २०२५ च्या मे महिन्यात लागू झाली.

तेव्हा गर्दीत पुटपुटणाऱ्या त्या तीस-चाळीस जणांना मी आज दोष देत नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. आज ती भीती बाळगायचं कारण उरलेलं नाही. १०८ ला फोन करायचा, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, मान वळू द्यायची नाही, बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नाही. मग तो रोजेदार असो वा नसो.

चांदरात जवळ आली आहे, म्हणून आणखी एक सांगून टाकतो. त्या रात्री बाजारात तीन-तीन पोरं एका गाडीवर, सायलेन्सर काढलेला, चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा हँडलवर, असं दृश्य दिसतं. "ईद आहे, फिरू दे," म्हणून बापच किल्ली देतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, असा कायदा २०१९ पासून आहे. ईदीत मुलांना काय द्यावं, असं मला एका वाचकाने विचारलं होतं. अठरा पूर्ण झालेल्याला आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट द्या. कुर्त्यापेक्षा स्वस्त पडतं.

मी स्वतः आता सदऱ्याच्या खिशात कागदाच्या पुडीत तीन खजूर ठेवतो. परवा सांगलीहून येताना विश्रामबागेत अजान ऐकू आली. गाडी कडेला घेतली, पुडी सोडली. चहाच्या टपरीवाल्याने न विचारताच पाण्याचा ग्लास पुढे केला. दोन मिनिटं गेली. घरी पोचलो तेव्हा भजी गार झाली होती, त्याबद्दल थोडं ऐकून घ्यावं लागलं.

त्या मुलाच्या वडिलांनी पुढच्याच रमजानमध्ये बर्फवाल्याशी बोलून ठेवलं. तेव्हापासून दरवर्षी या महिन्यात असरच्या नमाजनंतर बर्फाचा हातगाडा आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. गाडेवाला पाटलांच्या वाड्यातला, त्याचा स्वतःचा उपास सोमवारचा. संध्याकाळी पोरं ताटल्या, पातेली घेऊन चालत जातात, आणि बर्फ घेऊन चालतच परत येतात.